कुर्डुवाडीला गाडी बदला



मधली सुट्टी, स्नेहसंमेलन आणि सहलीच्या आठवणी या स्मरणिकेत पुष्कळ जण लिहितील आणि माझ्यापेक्षा छान लिहितील. म्हणून मी इतिहासाचा एक विषय निवडला आहे. तो आपल्या जिल्ह्याचा आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्यातला शेवटचा भाग डोळ्यांनी पाहिला आहे आणि योगायोगाने माझ्या नोकरीत तो मला सतत उपयोगी पडतो.

माझे काम सॉफ्टवेअरचे. पण ते सॉफ्टवेअर ज्या सर्व्हरवर चालायचे, तो उभा करण्याची जबाबदारीही पुष्कळदा आमच्याच गटावर येते. सर्व्हर म्हणजे एकाच वेळी अनेकांना सेवा देणारा, चोवीस तास चालणारा संगणक. बँकेत पासबुक भरताना, रेल्वेचे तिकीट काढताना, मुलांचा दहावीचा निकाल बघताना आपण कुठल्या ना कुठल्या सर्व्हरशीच बोलत असतो. नवा सर्व्हर खोक्यातून काढून चालू करणे वरवर पाहता अवघड नाही. पण त्यातला प्रोसेसर एका कंपनीचा, मेमरी दुसरीची, डिस्क तिसरीच्या, त्या डिस्क सांभाळणारे कार्ड चौथीचे आणि वरची ऑपरेटिंग सिस्टिम पाचवीची. प्रत्येक भाग सुटा तपासला तर ठणठणीत. एकत्र आणले की कुणीतरी कुणाला तरी ओळख देत नाही. आमच्या धंद्यात याला कंपॅटिबिलिटीचा प्रश्न म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात त्यासाठी शंभर वर्षे एक सोपे वाक्य होते : कुर्डुवाडीला गाडी बदला.

तीन मापांचा जिल्हा

आपण शाळेत होतो तेव्हा जिल्ह्यात रेल्वेची तीन मापे होती. मुंबई-पुण्याहून सोलापूरमार्गे वाडी, रायचूरकडे जाणारा ब्रॉडगेज. त्याच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. होटगीहून फुटून विजापूर, बागलकोट, गदगकडे जाणारा मीटरगेज, १००० मिलिमीटरचा. आणि कुर्डुवाडीहून एका अंगाला बार्शी-लातूर, दुसऱ्या अंगाला पंढरपूर-मिरज असा जाणारा नॅरोगेज, ७६२ मिलिमीटरचा. तिन्ही मार्ग आपापल्या जागी व्यवस्थित चालत. पण एकावरची वाघीण दुसऱ्यावर जाऊ शकत नसे.

हे कुणाच्या वेडेपणामुळे झाले असे आपल्याला वाटते. तसे नाही. तिन्ही निर्णय विचार करून घेतलेले होते, आणि गंमत म्हणजे पहिला निर्णय तर असा घोळ होऊ नये म्हणूनच घेतलेला होता.

इंग्लंडमध्ये १८४० च्या दशकात मापांचे मोठे भांडण झाले. स्टीफन्सनचे माप ४ फूट ८॥ इंच, तर ब्रुनेलच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे ७ फुटांहून किंचित जास्त. दोन्ही मार्ग ग्लॉस्टरला भेटत, आणि तिथे सगळा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत भरावा लागे. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेले आणि १८४६ साली मापाचा कायदा झाला. त्या काळात ब्रिटिश सरकारच्या व्यापार मंडळावर असलेला माणूस पुढे १८४८ साली गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला. तो लॉर्ड डलहौसी. हे भांडण त्याने जवळून पाहिले होते. त्यामुळे सगळ्या हिंदुस्थानात एकच माप असावे, असा त्याचा आग्रह होता. त्याला ६ फूट हवे होते, शेवटी ५ फूट ६ इंचांवर मिटले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी याच मापाची, १८६० साली सोलापूरला पोहोचलेली रेल्वे याच मापाची, आणि १८७१ साली रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाशी ती जोडली गेली तीही याच मापामुळे. मधे कुठे माल उतरवावा लागला नाही.

मग हे एकमत मोडले कशाने? पैशाने. १८७० च्या सुमाराला, लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, हिशेब मांडला गेला. रुंद मार्गाला जड रूळ, रुंद भराव, मोठे पूल लागतात. कमी वाहतुकीच्या मुलखात तो खर्च निघणार कसा? म्हणून अरुंद माप मंजूर झाले. देशात मेट्रिक मापे आणण्याचा विचार तेव्हा चालू होता, त्यामुळे ते एक मीटर ठरले. पुढे १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ पडला. दुष्काळी भागात धान्य पोहोचवता यावे म्हणून सदर्न मराठा रेल्वे उभी राहिली आणि १८८४ साली तिचा गदग-होटगी मार्ग सुरू झाला. स्वस्त होता म्हणूनच तो लवकर झाला. पण मुंबईकडून आलेल्या धान्याच्या गोण्या होटगीला एका वाघिणीतून दुसरीत हलवाव्या लागणार, हे त्याच निर्णयात लिहिलेले होते.

बार्शी लाईट

तिसरे माप आणले एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने. बार्शी ही कापसाची आणि गळिताच्या धान्याची मोठी बाजारपेठ. पण ब्रॉडगेजचे स्थानक ३५ किलोमीटर दूर, तेव्हाच्या बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. मधली सगळी वाहतूक बैलगाड्यांची. कॅलथ्रॉपने १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी काढली आणि मार्च १८९७ मध्ये २ फूट ६ इंचांचा मार्ग सुरू केला.

इंजिनिअर म्हणून मला त्याचे सगळ्यात कौतुक वाटते ते एका गोष्टीचे. त्याने एक मर्यादा आधी ठरवली : कुठल्याही चाकजोडीवर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. इंजिन असो, डबा असो की वाघीण, सगळ्यांना हाच नियम. त्यामुळे यार्डाला अवघ्या ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरले, आणि तरीही लीड्सच्या किटसन कारखान्यातून आणलेली इंजिने भरपूर माल ओढू शकली. रूळ, पूल, इंजिन, वाघीण यांची आपसात जुळणी त्याने कागदावरच करून घेतली होती. 'लाईट' म्हणजे कमअस्सल नव्हे, मोजूनमापून हलकी.

पंढरपूर या मार्गाला १९०६ साली जोडले गेले, लातूर १९११ साली, मिरज १९२७ साली. सगळी मिळून सुमारे ३२५ किलोमीटरची रेल्वे झाली. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली. आषाढी-कार्तिकीला मुंबई-पुण्याकडचे वारकरी कुर्डुवाडीला ब्रॉडगेजमधून उतरत आणि छोट्या गाडीत बसत. माणूस स्वतःच्या पायांनी गाडी बदलतो. कापसाच्या गाठीला पाय नसतात.

किंमत कोण मोजतो

न जुळण्याची खरी किंमत नेहमी जोडावर मोजली जाते, आणि ती मोजणारा माणूस निर्णय घेणाऱ्यांपैकी नसतो. लंडनच्या कचेरीत दर मैलाचा खर्च कमी दिसत होता. कुर्डुवाडीच्या फलाटावर मात्र प्रत्येक गोणी दोनदा उचलली जात होती. हमालाची पाठ, वेळ, फाटलेल्या गोणीतून सांडलेले धान्य, दुसरी वाघीण येईपर्यंत पावसात भिजणारा माल, हे सगळे व्यापाऱ्याच्या आणि शेवटी शेतकऱ्याच्या भावातून वजा होणार.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ब्रॉडगेजच हवा म्हणून अडून बसले असते, तर बार्शीला आणि लातूरला रेल्वे कधी मिळाली असती कुणास ठाऊक. लातूरला ब्रॉडगेज आला तो या शतकात. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे त्या मुलखाला जे काही मिळाले, ते त्या 'न जुळणाऱ्या' छोट्या गाडीनेच दिले. म्हणून जुन्या यंत्रणेला नावे ठेवणारा तरुण सहकारी भेटला, की मी त्याला विचारते, हे नसते तर त्या वेळी काय असते?

चार उपाय

दोन मापे समोरासमोर आली की करायचे काय, याची रेल्वेने चार उत्तरे शोधली. 

पहिले उत्तर हमालीचे. माल उतरवा, दुसरीकडे भरा. आम्ही याला डेटा कॉपी करणे म्हणतो. वेळ लागतो, पण हमखास होते.

दुसरे, एका वाघिणीवर दुसरी वाघीण चढवणे. हे पुन्हा कॅलथ्रॉपचेच. इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेवर त्याने अशा बुटक्या वाघिणी आणल्या, की मोठ्या मापाची भरलेली वाघीण जशीच्या तशी त्यांच्यावर चढून अरुंद मार्गाने जाई. आजचा ॲडॉप्टर किंवा एम्युलेटर नेमका हेच करतो. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ ला सिस्टिम ३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. लहान संगणकावर लिहिलेला प्रोग्रॅम मालिकेतल्या मोठ्या संगणकावरही चालावा, ही तिची मूळ कल्पना. पण लोकांकडे जुन्या १४०१ चे प्रोग्रॅम होते. तेही चालावेत म्हणून नव्या यंत्रात जुन्याची नक्कल करण्याची सोय ठेवावी लागली.

तिसरे, तिसरा रूळ टाकणे, म्हणजे त्याच मार्गावर दोन्ही मापांच्या गाड्या जाव्यात. आम्ही याला जुन्याचा आधार चालू ठेवणे म्हणतो. सोयीचे असते, पण प्रत्येक सांध्यावर गुंता वाढतो आणि तो कायमचा सांभाळावा लागतो.

चौथे, सगळे उखडून एकच माप करणे. १ एप्रिल १९९२ पासून भारतीय रेल्वेने युनिगेज प्रकल्प हाती घेतला, आणि या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत आपल्या जिल्ह्यातला मीटरगेज आणि नॅरोगेज दोन्ही इतिहासजमा झाले. आज लातूरहून निघालेला माणूस कुर्डुवाडीला न उतरता मुंबईला पोहोचतो.

सर्व्हरच्या खोलीत

आता माझ्या खोलीत या. गंमत अशी, की इथेही रूळच आहेत. सर्व्हर ज्या लोखंडी सांगाड्यात बसतात, त्या रॅकची रुंदी १९ इंच, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. हे माप जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या काळातले. उंचीही ठरलेली, एक घर ४४.४५ मिलिमीटरचे. या मापाचा कुठलाही सर्व्हर या मापाच्या कुठल्याही रॅकमध्ये रुंदीने बसतो. तरी पहिला धक्का तिथेच बसतो, कारण सर्व्हर ज्या रुळांवर सरकवायचा, त्यांना कुठे चौकोनी भोके लागतात, कुठे गोल, आणि रॅकची खोली तर प्रत्येकाची वेगळी.

आत गेल्यावर न जुळण्याचे तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार सरळ : वस्तू बसतच नाही. डीडीआर ३ मेमरीला २४० पिना, डीडीआर ४ ला २८८, खाचही वेगळ्या जागी. जोर लावला तरी जात नाही. हा प्रकार सगळ्यात चांगला, कारण नुकसान होण्याआधीच तुम्हाला कळते. होटगीच्या आणि कुर्डुवाडीच्या मापांचा फरक याच जातीचा. तिथे चुकून कुणी गाडी दुसऱ्या रुळावर घातली नाही.

दुसरा प्रकार फसवा : वस्तू बसते, पण चालत नाही. डीडीआर ४ मध्येच साधी मेमरी आणि रजिस्टर्ड मेमरी असे भेद आहेत. दोघींच्या पिना सारख्या, खाच सारखी. पण सर्व्हरचा मदरबोर्ड रजिस्टर्ड मागत असेल, तर साधी मेमरी घातल्यावर तो चालूच होत नाही. प्रोसेसरचेही तसेच. इंटेलचे २०१४ चे आणि २०१६ चे झिऑन एकाच प्रकारच्या सॉकेटमध्ये बसतात, पण बोर्डावरचे बायोस जुने असेल तर त्याला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही. आधी बायोस अद्ययावत करावे लागते, आणि काही बोर्डांवर ते करायला जुना प्रोसेसर लावूनच सुरुवात करावी लागते.

तिसरा प्रकार सगळ्यात त्रासाचा : वस्तू बसते, चालते, पण वरच्या सॉफ्टवेअरने तिच्याशी संबंध तोडलेला असतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची आठवी आवृत्ती २०१९ साली आली. तिच्यात अनेक जुन्या स्टोरेज कार्डांचा आधार काढून टाकलेला होता. कार्ड बिघडलेले नाही, मार्ग बंद झालेला आहे.

हा तिसरा प्रकार मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात पाहिला. नवा सर्व्हर घेतला होता, पण खर्च वाचावा म्हणून डिस्क आणि त्यांचे कार्ड जुन्या सर्व्हरमधून काढून लावायचे ठरले होते. डिस्कवरचे दिवे हिरवे. सुरुवातीच्या पडद्यावर सगळ्या डिस्कची नावे बरोबर. आणि ऑपरेटिंग सिस्टिम बसवायला घेतली की तिचे म्हणणे, डिस्कच नाहीत. बाहेर बिलाच्या खिडकीवर दोन मुली कागदावर पावत्या लिहीत होत्या आणि रांग दारापर्यंत आली होती.

अशा वेळी काय करायचे याची रीत जुनी आहे. यंत्र नागवे करायचे. एक प्रोसेसर, मेमरीची एक पट्टी, बाकी सगळे बाहेर. इतक्यावर चालू होते का? झाले, तर एकेक भाग परत लावायचा आणि प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करून बघायचे. एका वेळी दोन गोष्टी बदलायच्या नाहीत, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. विज्ञानाच्या तासाला बाई प्रयोगात 'बाकी सर्व स्थिर ठेवून' असे फळ्यावर लिहायच्या, तेच हे. आम्ही त्याच सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमची जुनी आवृत्ती तात्पुरती चालवून पाहिली. डिस्क दिसल्या. म्हणजे डिस्क, केबल, स्लॉट, कार्ड सगळे निर्दोष. दोष होता कार्ड आणि नवी आवृत्ती यांच्या जोडावर. कुर्डुवाडीच्या फलाटावर.

मग चार उपाय समोर मांडले. बाहेरून मिळणारा ड्रायव्हर घालून कार्ड चालवणे, म्हणजे बुटकी वाघीण. पण पुढच्या प्रत्येक अद्ययावत आवृत्तीला तो चालेल याची खात्री नाही. जुन्याच आवृत्तीवर राहणे, म्हणजे तिसरा रूळ, पण तिची मुदत थोडीच उरलेली. नवे कार्ड घेणे, म्हणजे गेज बदलणे. आणि एक अडचण : जुन्या कार्डाने डिस्कवर माहिती ज्या पद्धतीने विभागून ठेवली होती, ती वेगळ्या जातीच्या कार्डाला वाचता येण्याची शाश्वती नव्हती. म्हणून आधी हमाली केली. जुना सर्व्हर तसाच उभा करून रुग्णांच्या सगळ्या नोंदी नेटवर्कवरून दुसरीकडे उतरवल्या, मोजल्या, उघडून पाहिल्या. मग नवे कार्ड, मग नवी सिस्टिम. शनिवार-रविवार त्यात गेले. सोमवारी खिडकी सुरू झाली. कार्डात वाचवायचे ठरवलेले पैसे कुणी वाचवले आणि त्या दोन दिवसांचा त्रास कुणी सोसला, हे वेगळे सांगायला नको.

मराठीचीही गाडी बदलत असे

हा प्रश्न आपल्या भाषेलाही चुकला नाही. १९८० च्या दशकातला पीसी इंग्रजीपुरता बनवलेला होता. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. तिच्या जिस्ट गटाचे कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवले की तोच पीसी देवनागरी दाखवू लागे. या तंत्राचे मूळ काम कानपूरच्या आयआयटीतले. पुन्हा तीच बुटकी वाघीण : खालचा मार्ग इंग्रजीचा, वर भरलेला माल मराठीचा.

पुढे कार्डाची गरज संपली आणि फॉन्टचा जमाना आला. तेव्हा प्रत्येक कंपनीने अक्षरांचे आपापले क्रमांक ठरवले. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसती चिन्हे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हे मानक प्रसिद्ध केले. त्याच साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती. आज आपल्या बॅचच्या ग्रुपवर अमेरिकेतून आलेला मराठी संदेश इथल्या कुठल्याही फोनवर तसाच उमटतो, तो या एका मापामुळे. पण १९९० च्या दशकातल्या मराठी फाईली ज्यांच्या घरात, शाळेत, छापखान्यात पडून आहेत, त्यांनी त्या आताच उतरवून घ्याव्यात. ते फॉन्ट आणि ते वाचणारे संगणक दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. अशी हमाली उशिरा केली की गोणी रिकामी निघते.

खरेदी करणाऱ्यांसाठी

आपल्यातल्या कुणाचे हॉस्पिटल आहे, कुणाचे दुकान, कुणाची पतसंस्था, कुणी शाळाच चालवतात. सर्व्हर घ्यायची वेळ आज ना उद्या येईल. तेव्हा विक्रेत्याला चार गोष्टी विचारा आणि उत्तरे लेखी घ्या. या सर्व्हरचे हेच मॉडेल, हेच कार्ड, आम्ही वापरणार त्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या अधिकृत यादीत आहे का? बायोस आणि कार्डांचे फर्मवेअर कोणत्या आवृत्तीचे आहे? मेमरी कोणत्या जातीची आणि कोणत्या खाचेत आधी घालायची? आणि पाच वर्षांनी यातून माहिती बाहेर काढायची झाली, तर कशी?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुतेक जण देतात. चौथ्याला विक्रेता थोडा थांबला, तर तुम्हीही थांबा. वस्तू कितीही स्वस्त असो, कुर्डुवाडी कुठे येणार आहे आणि तिथे ओझे कुणाच्या पाठीवर येणार आहे, ते आधी समजून घ्या.